वही भरतेय, पण पेंटिंग कुठंय?

मागच्या अंकात रोजच्या स्केचिंगबद्दल लिहिलं होतं आणि काही अडलं तर विचारा असं म्हटलं होतं, तर इतके प्रश्न आलेत की सगळे या एका अंकात बसणार नाहीत. ढोबळमानाने दोन गट पडतात. काही जण म्हणतात सवयच टिकत नाही, आणि बाकीचे म्हणतात सवय लागली, वह्या भरल्या, पण त्या वह्यांमधून एकही धड पेंटिंग बाहेर पडत नाहीये. दुसऱ्या गटाशी मला जास्त बोलायचंय, कारण स्केच आणि पेंटिंग यांच्या मधे जे काम असतं त्याबद्दल आपल्याकडे क्लासमधेही फारसं कुणी सांगत नाही, कागद बोर्डाला चिकटवला की थेट रंगच. म्हणून वाईच्या वाचकांना दिलेलं उत्तर बरंच लांबलंय, तुमची अडचण त्यांच्यासारखीच असेल तर तिथून वाचायला सुरुवात केलीत तरी चालेल. प्रत्येक ठिकाणी आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

ताई, मी नाशिकला बँकेत आहे. दरवर्षी जानेवारीत चांगली जाड स्केचबुक आणतो, दोन-तीन आठवडे मस्त चालतं आणि मग मार्च एंडिंगची कामं सुरू झाली की सगळं बंद. पहिली काही पानं भरलेल्या अशा कितीतरी वह्या घरात पडल्यात. रोज एक तास काढायचं ठरवतो पण जमतच नाही.

त्या एका तासानेच सगळा घोळ केलाय. नोकरी करणाऱ्या माणसाला रोज एक मोकळा तास मिळत नाही, आणि तो मिळेल म्हणून थांबलं की आज राहिलं उद्या बघू, उद्या राहिलं रविवारी बघू असं होत वही कपाटात जाते. दहा मिनिटं धरा. आणि ती पण 'वेळ मिळाला की' अशी नकोत, रोज जी गोष्ट होतेच होते तिला जोडून टाका, म्हणजे सकाळचा चहा, डबा खाऊन झाल्यावरचा वेळ, मुलांना क्लासला सोडून बाहेर थांबता तो वेळ. वही तिथंच हाताशी पाहिजे, कपाटातून काढावी लागली तर ती निघणार नाही. म्हणून जाड मोठी स्केचबुक सध्या बाजूला ठेवा आणि शर्टाच्या नाहीतर पँटच्या खिशात मावेल अशी साधी वही घ्या, बिनरेघांची, स्वस्तातली. महागाच्या वहीचं पान 'खराब' होईल या भीतीने हात आखडतो, हे मी कितीतरी जणांच्या बाबतीत बघितलंय. पेन्सिलपेक्षा साधं बॉलपेन बरं, खोडता येत नाही त्यामुळे दहातली चार मिनिटं खोडरबरात जात नाहीत.

दुसरं म्हणजे काय काढायचं हे वही उघडल्यावर ठरवायचं नाही, तेवढ्यातच दहा मिनिटं संपतात. आठवड्याला एक विषय लावून घ्या. हा आठवडा फक्त खुर्च्या, पुढचा फक्त चपला-बूट, त्याच्या पुढचा हात. तुमच्या बँकेत तर किती काय आहे, काउंटरवर दोरीने बांधून ठेवलेलं पेन, शिक्क्यांचा स्टँड, स्टॅम्प पॅडचं अर्धवट उघडं झाकण, फायलींचा कललेला गठ्ठा. मार्चमधे दहा मिनिटंही जड जातील हे मान्य, तेव्हा दोन मिनिटांत एक वस्तू काढा आणि तारीख टाकून वही बंद करा, तेवढं पुरे. आणि खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दोन स्केचेस काढून भरपाई करायला जाऊ नका, ती उधारी वाढत जाते आणि मग वहीकडे बघायलाही नको वाटतं. खाडा झाला, सोडून द्या, आजचं आज काढा.

गोव्यातल्या लोटलीचे मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे, तेव्हा आईने त्यांच्या हातात कोरी वही दिली आणि त्यातून चित्रांची रोजनिशी सुरू झाली. गावातले शेजारी, पाद्री, लग्नं, बसमधली गर्दी, जे दिवसभरात दिसलं ते रात्री वहीत. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. पुढे त्यांच्या व्यंगचित्रांत एकेका चौकटीत माणसांची जी गर्दी दिसते ना, त्या गर्दीतला प्रत्येक जण वेगळा असतो, कुणी कुणासारखं बसलेलं नसतं. माझ्या मते ते त्या रोजनिशीचं देणं आहे.

डोंबिवली-सीएसएमटी रोजचा प्रवास आहे. ट्रेनमधे स्केच करायची खूप इच्छा होते पण माणसं हलतात, उतरून जातात, स्केच अर्धवट राहतं. शिवाय कुणी 'काय काढताय' म्हणून भांडलं तर?

अर्धवट राहू दे ना. एकाच पानावर पाच-सहा माणसं सुरू करा, एकजण हलला की त्याला तिथंच सोडून दुसऱ्याकडे जायचं. गंमत अशी की बसलेला माणूस थोड्या वेळाने पुन्हा त्याच पोझमधे येतो, प्रत्येकाची बसायची ठरलेली ढब असते, तेव्हा पहिल्या स्केचकडे परत या. चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. आधी डोकं कुठं झुकलंय आणि खांद्यांची रेषा कशी कललीये एवढं दोन रेषांत पकडा, वरच्या कडीला लटकलेल्या माणसाचा एक खांदा वर चढलेला असतो आणि त्याच बाजूची कंबर ताणलेली असते, हे आलं की माणूस उभा राहिला. डोळे-नाक नसले तरी ओळखू येतो तो लटकलाय म्हणून.

सकाळच्या गर्दीत वही काढणं शक्यच नसेल तर एका माणसाकडे नीट अर्धा मिनिट बघा आणि उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून आठवून काढा. शाळेत एलिमेंटरीला स्मरणचित्र होतं ना, तेच. आठवून काढताना अनावश्यक आपोआप गळून जातं, पुढे पेंटिंग करताना याचा फार उपयोग होतो.

भांडणाचं म्हणाल तर कुणाला आवडलं नाही असं दिसलं की लगेच थांबायचं आणि हवं तर वही दाखवायची, लपवालपवी केली की संशय वाढतो. बाई माणसाकडे किंवा झोपलेल्या माणसाकडे टक लावून बसणं मला स्वतःला पटत नाही, पाठमोरी माणसं, हात, पिशव्या, डब्यातली बाकं यातही भरपूर मिळतं. आणि ओळखू येईल असा अनोळखी चेहरा काढला तर तो वहीतच राहू द्या, स्टेटसला टाकू नका.

कोल्हापूरहून लिहितेय. घरातून बाहेर पडणं होत नाही, मग घरातलं काय काढणार? तीच भांडी, तोच कट्टा. महिनाभरात सगळं काढून संपलं.

संपलं कसं, अजून सुरूच कुठं झालंय! तुमच्याच गावचे चित्रकार आबालाल रहिमान बघा, कोटितीर्थ तलावाचा परिसर त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला, तेच पाणी, तीच झाडं. जागा तीच पण सकाळ वेगळी, धुकं वेगळं. तुम्ही कट्ट्यावरचा स्टीलचा तांब्या सकाळी आठला काढा आणि दुपारी चारला काढा, दोन वेगळी चित्रं होतात की नाही बघा.

तांब्यावरच जरा थांबूया कारण स्टील काढायला सगळे घाबरतात. स्टीलला स्वतःचा रंग जवळजवळ नसतोच, त्यात खिडकी दिसते, ओट्याचा काळा दगड दिसतो, तुमच्या साडीचा पट्टा दिसतो. म्हणजे 'चकचकीत' काढायला जायचं नाही, त्या गडद आकारांच्या कडा जशा दिसतात तशाच मांडायच्या, तांब्याच्या पोटावर ते आकार वाकतात आणि गळ्याशी दाबले जातात. खिडकीचा जो सगळ्यात उजळ ठिपका तो कागद कोराच. गडद आणि उजळ एकमेकांना चिकटून, मधे हळूहळू उतरत जाणारं शेडिंग नाही, की लगेच धातू वाटतो. मातीच्या कुंडीवर नेमकं उलटं, तिथे उजेड हळूच वळतो. आणि एक नेहमीची गडबड: वरून बघताना तांब्याच्या तोंडाचा लंबगोल जेवढा चपटा दिसतो त्यापेक्षा बुडाचा लंबगोल जास्त गोलाकार असतो, कारण तो डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली आहे. बरेच जण बूड सरळ रेषेने काढतात आणि मग भांडं हवेत तरंगतं.

मिसळणाचा डबा, विळी, पाटा-वरवंटा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, दाराआडून दिसणारी चुलीपुढची किंवा गॅसपुढची पाठ. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र मांडून बघा, मग त्यांच्या मधली मोकळी जागा काढा. वस्तू नाही, मधली जागा. पुढचा महिना यातच जाईल.

मी वाईचा. बहुतेक रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर पेनने स्केच करतो, ढोल्या गणपती, पायऱ्या, कपडे धुणाऱ्या बायका. लोक म्हणतात स्केचेस जिवंत आहेत. पण घरी येऊन तेच मोठ्या कागदावर जलरंगात केलं की मेल्यासारखं होतं. सोबत दोन्हीचे फोटो पाठवतोय. काय चुकतंय?

फोटो नीट बघितले. स्केच खरंच छान आहे, कपडे आपटणारी बाई तुम्ही चार-पाच फटकाऱ्यांत घेतलीये आणि तिच्या हाताचा जोर दिसतो. पेंटिंगमधे तीच बाई नीट बॉर्डर करून, साडीच्या निऱ्यांसकट रंगवलीये आणि ती आपटत नाहीये, नुसती उभी आहे. पण दोष हाताचा नाही हो, तुम्ही मधली पायरी गाळताय. स्केच हे छोटं पेंटिंग आहे असं धरून ते मोठं करताय.

आधी आकाराचा हिशोब बघा. तुमची वही ए-फाइव्ह दिसतेय, म्हणजे साधारण १५ बाय २१ सेंटीमीटर. पेंटिंग केलंय पाव इंपिरियलवर, म्हणजे इंपिरियल या मोठ्या शीटच्या चौथ्या भागावर, ११ बाय १५ इंच. लांबीत पाहिलं तर दुप्पटही नाही, पण क्षेत्रफळ जवळजवळ साडेतीन पट होतं. वहीत देवळाच्या वर बोटभर कोरा कागद होता, तो नजरेला आकाश म्हणून पुरला. तोच मोठ्या कागदावर वीतभर रिकामी जागा होतो आणि ती भरायला काही नाही म्हणून तुम्ही सपाट निळा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, मारलाय. वहीत पायऱ्या म्हणजे सात-आठ तुटक रेषा होत्या, मोठ्या कागदावर तेवढ्या कमी वाटल्या म्हणून प्रत्येक पायरी पट्टीने आखल्यासारखी आली. म्हणजे मोठं करताना जे प्रश्न पडले त्यांची उत्तरं स्केचमधे नव्हतीच, आणि ती तुम्ही रंगवता रंगवता घाईत शोधलीत.

तेव्हा पहिली गोष्ट घाटावरच करायची. ज्या स्केचचं पेंटिंग करावंसं वाटतंय त्याच्या शेजारच्या पानावर माहिती लिहून घ्या, सरळ शब्दांत. किती वाजले, ऊन कुठल्या बाजूने येतंय याचा एक बाण, सगळ्यात उजळ काय, सगळ्यात गडद काय, पाण्याचा रंग आकाशापेक्षा गडद की फिका. पाण्यालगतच्या ओल्या पायऱ्या वरच्या कोरड्या पायऱ्यांपेक्षा बऱ्याच गडद असतात, तो ओला पट्टा नेमका कुठं संपतो ते टिपा, कारण घाट 'बसतो' तो त्या पट्ट्यामुळे. पाण्यातलं प्रतिबिंब बघा, उजळ भिंतीचं प्रतिबिंब भिंतीपेक्षा जरा गडद आणि गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा जरा फिकं पडतं. इंग्लंडचा जॉन कॉन्स्टेबल १८२१-२२ च्या सुमाराला लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे अभ्यास करत होता, त्यातल्या बऱ्याच कागदांच्या मागे त्याने तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय हे लिहून ठेवलंय. एवढा मोठा चित्रकार, पण आठवणीवर विसंबला नाही.

मग घरी. लगेच मोठा कागद काढायचा नाही. काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या चार चौकटी आखा, त्यांचं प्रमाण मोठ्या कागदासारखंच पाहिजे, त्यासाठी कागदाच्या कोपऱ्यातून तिरपी रेषा टाकून लहान चौकट त्या रेषेवर बसवली की झालं. प्रत्येक चौकटीत तोच घाट वेगळा लावून बघा. एकात क्षितिज वर, म्हणजे पाणी आणि पायऱ्या जास्त. एकात देऊळ अर्धं कापलेलं. एकात फक्त बाई, थोडं पाणी आणि मागे देवळाचा नुसता अंदाज. इथे ठरवा की हे चित्र कुणाचं आहे, देवळाचं की बाईचं. तुमच्या पेंटिंगमधे दोघंही तेवढ्याच जोरात बोलतात म्हणून कुणाचंच ऐकू येत नाही. माझं मत विचाराल तर बाईचं करा, देऊळ तर वाईला आलेला प्रत्येक जण रंगवतो.

चौकट निवडली की ती एकाच रंगात करा, बर्न्ट अंबर किंवा पेन्स ग्रे काहीही, फक्त तीन टोन. कोरा कागद, मधला आणि गडद. डोळे बारीक करून मूळ जागा आठवा, मधे येणाऱ्या सगळ्या बारकाव्यांना यापैकी एका टोनमधे ढकला. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि लोक नेमकं हेच टाळतात कारण यात रंगांची मजा नाही. पण जलरंगात पांढरा म्हणजे कागद कोरा राखून ठेवावा लागतो, तो नंतर आणता येत नाही, त्यामुळे उजेड कुठं ठेवायचा हे ब्रश ओला करायच्या आधीच ठरलेलं पाहिजे. या तीन टोनच्या छोट्या तुकड्यात चित्र लांबून वाचता आलं, तर मोठं पण वाचता येईल. यात नाही आलं तर कितीही रंग चढवा, येणार नाही.

मोठ्या कागदावर ड्रॉइंग करताना स्केच ट्रेस करून उतरवू नका. हलक्या चौकटी आखून मोठे आकार घ्या, म्हणजे देवळाचा शिखरासकट एक आकार, पायऱ्यांचा एक पट्टा, बाईची बाह्यरेषा, बस. पायऱ्यांच्या रेषा पेन्सिलने काढूच नका, त्या नंतर ब्रशने येतील, काही ठिकाणी येतील आणि काही ठिकाणी उन्हात विरून जातील. बाईसाठी मात्र वेगळी तयारी करा. त्याच आकारात, रद्दी कागदावर, ब्रशनेच, आठ-दहा वेळा तिला काढा. स्केचमधली तुमची रेषा पेनची होती, वेगात होती. ब्रशला तो वेग त्याच्या पद्धतीने शिकवावा लागतो, पेनची रेषा रंगाने भरून तो येत नाही. हात बसला की मोठ्या कागदावर एकदाच, न थांबता.

आणि रंगताना आकाश, पाणी, लांबचा काठ हे मोठे वॉश आधी उरकून घ्या, गडद सगळं शेवटी. जलरंग वाळल्यावर फिका होतो तेव्हा ओला असताना जरा जास्त वाटेल इतका भरलात तर बरोबर बसेल. गडद जागा एकदाच भरा, तीनदा नको, तुमच्या पेंटिंगमधला देवळाच्या सावलीचा भाग त्यामुळेच मळकट झालाय.

कॉन्स्टेबलचं पुन्हा नाव घेते कारण तुमच्यासारखंच त्यालाही नदीकाठचं त्याचं गाव रंगवायचं होतं. त्याचं 'द हे वेन' हे १८२१ चं चित्र, नदीच्या उथळ पाण्यातून जाणारी गवताची रिकामी गाडी, सव्वा मीटरहून उंच आणि पावणेदोन मीटरहून लांब आहे. हे त्याने लंडनच्या स्टुडिओत बसून केलं, जागा त्याच्या गावाकडची, सफोकमधली. वर्षानुवर्षांच्या वह्यांमधली स्केचेस, छोटे तैलरंगातले अभ्यास आणि त्यानंतर अख्ख्या आकाराचं एक कच्चं चित्र, जे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे, आणि मग कुठे पक्कं चित्र. तरीही गाडीचे तपशील कमी पडले, तेव्हा गावाकडून गाडीचं ड्रॉइंग मागवावं लागलं. कच्चं आणि पक्कं शेजारी ठेवून बघितलं तर कच्च्यात ब्रश मोकाट सुटलाय. म्हणजे सैलपणा त्याने आधी मोठ्या आकारात करून घेतला आणि मग आवरलं. तुम्ही स्वस्त कागदावर पाव इंपिरियल आकारातच एक बेफिकीर चित्र आधी करा, अर्ध्या तासात, आणि दुसऱ्या दिवशी चांगला कागद घ्या. कधीकधी ते बेफिकीरच ठेवावंसं वाटेल, तर ठेवा.

फोटोवरून पेंटिंग केलं तर चालतं का? पुण्यात आयटीत आहे, जागेवर बसून रंगवायला वेळ नाही.

चालतं, पण फोटोसोबत पाच मिनिटांचं का होईना स्केच असेल तर. मोबाइलचा कॅमेरा बरंच रुंद दृश्य घेतो त्यामुळे लांबच्या गोष्टी चिमुकल्या होतात. पुण्याच्या गच्चीवरून सिंहगड तुम्हाला केवढा वाटतो आणि फोटोत केवढा येतो हे एकदा ताडून बघा. डोळ्याला जे महत्त्वाचं वाटतं ते तो मोठं करून बघतो, आणि स्केच करताना हात तसंच काढतो. शिवाय उन्हातल्या फोटोत सावल्या काळ्याठिक्कर येतात, प्रत्यक्षात त्यात निळं-जांभळं, जमिनीवरून परतलेलं तांबूस बरंच काही असतं. तेव्हा मांडणी आणि प्रमाण स्केचवरून घ्या, सावल्यांचा रंग टिपून ठेवलेल्या नोंदीवरून, आणि फोटो फक्त सायकलचं चाक कसं होतं, खिडकीला गज किती होते असल्या गोष्टींसाठी उघडा. रंगायला बसल्यावर फोन उलटा ठेवलात तर अजून चांगलं.

डब्लिनला राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बाहेर बसणं अशक्य, डिसेंबरात चारच्या थोडं नंतर अंधार. सवय दरवर्षी मोडते.

मग हिवाळ्याचं काम वेगळं ठेवा ना. इंग्लंडचा चित्रकार टर्नर उन्हाळ्यात हिंडून वह्या भरायचा आणि हिवाळ्यात लंडनच्या स्टुडिओत बसून त्यातून चित्रं करायचा, त्याच्या तीनशेच्या आसपास स्केचबुका आज लंडनच्या टेट या संग्रहालयाकडे आहेत. तुम्हीही थंडीचे चार महिने नवीन स्केचेसचा हट्ट सोडा, उन्हाळ्यातली वही काढा आणि वर वाईच्या वाचकांना सांगितलंय ते छोट्या चौकटींचं, तीन टोनचं काम रोज थोडं थोडं करा. रोज एक चौकट झाली तरी फेब्रुवारीपर्यंत रंगवायला किती काय तयार होईल.

आणि तुम्ही तर फार नशीबवान गावात आहात. तुमच्या नॅशनल गॅलरी ऑफ आयर्लंडला हेन्री व्हॉन नावाच्या संग्राहकाने १९०० साली टर्नरची ३१ जलरंग चित्रं मृत्युपत्राने दिली, ती फक्त जानेवारीत लावतात, कारण तेव्हा उजेड सगळ्यात मंद असतो आणि रंग उडत नाहीत. प्रवेश फुकट आहे. पेन्सिल आणि वही घेऊन जा (रंग नेऊ नका, आणि पेनबद्दल दारातच विचारून घ्या) आणि एखाद्या चित्राची नुसती तीन टोनमधे नक्कल करा. कोरा कागद त्याने नेमका कुठं राखलाय ते मोजक्या जागी दिसेल. जमलं तर काय दिसलं ते कळवा, इथल्या वाचकांना ती चित्रं बघायला मिळत नाहीत.

मी आठवीत आहे, लातूर. यंदा इंटरमिजिएट देणार आहे. रोज स्केच करू की परीक्षेचे पेपर सोडवू? आई म्हणते पेपर.

आईचं बरोबर आहे, पण पेपर आठवड्यातून दोनदा सोडव आणि रोज दहा मिनिटं वहीत काढ, दोन्ही होतं. स्मरणचित्रात बहुतेक मुलं गाइडमधली माणसं पाठ करून येतात, एक पाणी भरणारी बाई, एक फुगेवाला, सगळ्यांच्या पेपरात तेच. तू बसस्टँडवर, भाजी बाजारात, शाळेच्या मधल्या सुट्टीत जी माणसं बघून काढशील ती तुझी असतील. बसलेली, वाकलेली, डोक्यावर ओझं घेतलेली, पाठमोरी अशी वेगवेगळी काढून ठेव. स्थिरचित्रासाठी वर कोल्हापूरच्या काकूंना तांब्याबद्दल सांगितलंय ते वाच आणि घरातला एक तांब्या काढून बघ. आईलाही वही दाखव.

परभणीत चांगलं सामान मिळत नाही. कमीत कमी काय लागेल? महागातलं ऑनलाइन मागवू का?

रोजच्या वहीसाठी काही मागवू नका, स्टेशनरीच्या दुकानात मिळेल ती कोरी वही, बॉलपेन आणि एक ४बी पेन्सिल. पेंटिंगसाठी पैसे घालायचे तर कागदावर घाला, रंगांवर नंतर. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा कागद मागवा, मोठं शीट घेऊन त्याचे चार तुकडे केले की स्वस्त पडतं, पातळ कागदावर वॉश मारला की तो फुगतो आणि मग रंग खड्ड्यात साचतो, त्यात शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. रंग कॅम्लिनच्या स्टुडंट ट्यूब्ज चालतील. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, एक लिंबासारखा पिवळा आणि एक क्रिमझन, एवढ्यात वर्ष निघेल. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून इतके सुंदर राखाडी मिळतात की काळ्याची ट्यूब घ्यायची गरजच नाही. गोल ब्रश दोन, एक १२ नंबर आणि एक ६. काम झालं की धुऊन आडवे वाळवा, पाण्याच्या मगात उभे ठेवले की टोक वाकतं.